‘सत्काराला उत्तर’ आणि ताठे सर

सेलूत कार्यक्रम कुणाचाही असो, माईक बन्सीधर ताठे सरांच्याच हातात. कापसाच्या जिनिंगचं उद्घाटन असो, कुणाची एकसष्टी असो, नाहीतर शोकसभा असो. सर उभे राहिले की लोक खुर्चीत जरा खाली सरकायचे आणि पाय लांब करायचे. आता लांबणार, हे सगळ्यांना ठाऊक. पण मधूनच उठून कुणी गेलं, असं कधी झालं नाही. सरांच्या कार्यक्रमात जेवण शेवटी असतं. ही व्यवस्थाही सरांचीच.

सर मूळचे चारठाण्याचे. नोकरीला लागले तेव्हा गावच्याच शाळेत एकदा बक्षीस समारंभ होता. सूत्रसंचालन करणारे गुरुजी जिंतूरहून यायचे होते आणि त्यांची एसटी वाटेत बंद पडली. हेडमास्तरांनी नवख्या ताठ्यांच्या हातात माईक दिला. म्हणाले, “गुरुजी येईस्तोवर धरा.” सरांनी धरला. गुरुजी आले, बसले, चहा प्याले आणि परत गेले, पण माईक काही सरांच्या हातून सुटला नाही. पुढे बदली झाली, सेलूत घर झालं, मागल्या वर्षी सर रिटायरही झाले. शाळा सुटली. माईक तेवढा राहिला.

सरांना दोन आवाज होते. एक घरचा: “प्रभा, चहा ठिवलाय का?” दुसरा माईकवरचा: “ज्यांच्या अमूल्य उपस्थितीनं आजच्या या सोहळ्याला आगळीवेगळी उंची प्राप्त झाली आहे.” हा दुसरा आवाज नाकातून निघायचा, छातीत घुमायचा आणि त्यात चारठाण्याचा मागमूस नसायचा. त्यांच्या पत्नी प्रभावतीबाई सांगतात, “लग्न झाल्यावर लय दिवस मला वाटायचं, माईकवर दुसराच कुणी माणूस बोलायलाय.”

पैसा सरांनी कधी घेतला नाही. पण आमच्या मराठवाड्यात माणसाला मोकळ्या हातानं पाठवत नाहीत. मोठ्याला शाल, बाकीच्यांना टॉवेल-टोपी आणि नारळ. सरांचं घर टॉवेलांनी भरून गेलं होतं. पोळ्यांच्या डब्यात टॉवेल, गाडीच्या सीटवर टॉवेल, खिडकीला पडद्याच्या जागी टॉवेल. नारळाची चटणी रोज असायचीच. टोप्यांचं काय करावं, हे मात्र प्रभावतीबाईंना अजून उमगलेलं नाही.

एकुलती एक पोरगी ईश्वरी. लहानपणी सर तिला कार्यक्रमांना सोबत न्यायचे. तिला दोन कामं. पहिलं काम, सरांचा मोबाईल हातात धरून रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. “नंतर ऐकून सुधारणा करू,” सर म्हणायचे. दुसरं काम, घरी येताना गाडीवर मागं बसून सत्काराचा नारळ मांडीवर धरायचा. नारळ दर वेळी नीट घरी पोचला. सुधारणा राहिली. रोज एक कार्यक्रम असल्यावर माणसानं बोलायचं कधी आणि ऐकायचं कधी? मोबाईल जुने झाले, त्यातली कार्डं पेटीत पडली, आणि सरांनी स्वतःचा आवाज एकदाही ऐकला नाही.

ईश्वरी पुण्याला इंजिनीअर झाली, नोकरीला लागली. इथपर्यंत सगळं शिस्तीत. मग तिनं गिटार घेतली आणि चौघांचा बँड काढला. बँडचं नाव ‘प्रमुख पाहुणे’. सर खूश. “नावात वजन हाय,” म्हणाले. बँडनं अल्बम काढला, त्याचं नाव ‘सत्काराला उत्तर’. हे ऐकून तर सरांचे डोळेच भरून आले. आपण घातलेले संस्कार पोरीनं पुण्यात जपले! पेपरात फोटोखाली छापून आलं, ‘प्रयोगशील आणि उपरोधिक रॉक अल्बम’. ‘उपरोधिक’ हा शब्द सरांनी वाचला, पण पाहुण्यांच्या नावापुढच्या पदव्या वाचाव्यात तसा, आत न शिरता. कात्रण कापून भिंतीला लावलं आणि पोरीला फोन केला.

“सेलूत प्रकाशन सोहळा घ्यायचा,” सर म्हणाले.

“बाबा, ते कवाच प्रकाशित झालंय. मोबाईलवर हाय. कुणीबी ऐकू शकतंय.”

“प्रकाशन कुणाच्या हस्ते झालं?”

“कुणाच्याच न्हाई. आपोआप झालं.”

“मग झालंच न्हाई,” सर म्हणाले.

“बाबा, निदान एकदा आधी ऐका तरी.”

“कार्यक्रमात ऐकतो की. सलग.”

आता याला चूक म्हणावं तर म्हणा. पण आमच्याकडं आधी ऐकून मग सत्कार करायचा, अशी रीतच नाही. पुस्तक न वाचता आम्ही त्याचं प्रकाशन करतो, आणि ज्याला कधी पाहिलं नाही त्याला श्रद्धांजली वाहतो. सरांनी तर असल्या शेकडो गोष्टींना उंची प्राप्त करून दिली होती. त्यात पोटच्या पोरीचा अल्बम. तो ऐकून बघणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं!

इकडं पुण्यात ईश्वरी घाबरून गेली. कारण तो सबंध अल्बम म्हणजे एक कार्यक्रम होता, जो कधी सुरूच होत नाही. दीपप्रज्वलन होतं, स्वागत होतं, सत्कारावर सत्कार होतात आणि मुख्य कार्यक्रम काही येत नाही. त्यात एक सूत्रसंचालक आहे. पुण्यातल्या लोकांना तो कुणीतरी एक सूत्रसंचालक. सेलूच्या माणसानं डोळे मिटून ऐकला तरी तो कोण, हे त्याला पहिल्या वाक्याला कळावं. ईश्वरीनं ते मायेनंच केलं होतं. पण मायेनं काढलेला चिमटासुद्धा लागायचा तो लागतोच.

तिनं आईला फोन लावला. प्रभावतीबाईंनी अल्बम कधीच ऐकला होता, भाकरी थापता थापता, दोनदा.

“हसून हसून बेजार झाले बाई,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “अगदी तेच!”

“आई, हसू नको. सगळं सेलू त्यांला हसंल. पुन्ना माईक हातात धरणार न्हाईत ते. शाळा बी न्हाई आता. करतील काय दिवसभर? तू थांबीव ना त्यांला.”

“मी? त्यांला आजवर कुणी थांबीवलंय का? ऐकू दे. जन्मभर लोकांला ऐकिवलं, एक दिवस आपण बी ऐकावं माणसानं.”

झालं! स्टेशनकडच्या मंगल कार्यालयात कार्यक्रम ठरला. पत्रिकेवर वेळ सकाळची होती आणि पत्रिकेवरच राहिली. अध्यक्ष आबासाहेब आले तेव्हा सुरू झालं. आबासाहेब कापसाचे व्यापारी आणि सेलूचे कायमचे अध्यक्ष. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही, त्यामुळं कुठल्याही भाषणात ते शेवटपर्यंत प्रसन्न बसतात.

सरांनी त्या दिवशी जीव ओतला. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, प्रास्ताविक झालं. मग सत्कार, मग सत्कारात राहून गेलेल्यांचा सत्कार. बँडच्या ड्रमवाल्या पियुषच्या खांद्यापर्यंतच्या केसांवर टोपी बसली. ईश्वरीचा ‘सेलूची सुकन्या’ म्हणून शाल-नारळ देऊन गौरव झाला. दत्तराव नावाचे सद्गृहस्थ संगीतावर दोन शब्द बोलायला उठले आणि कापसाच्या भावावर बोलून बसले. मग सर म्हणाले, “वेळेअभावी मी फार बोलणार नाही,” आणि बोलले. प्रभावतीबाईंनी पहिल्या रांगेत शेजारणीला हळूच म्हटलं, “नमनालाच घडाभर तेल.” ईश्वरी घामानं भिजून गेली होती. एकेक वाक्य तिच्या अल्बममधलं, त्याच क्रमानं, तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

“आणि आता,” सर म्हणाले, “आपण या ठिकाणी अल्बमचा आस्वाद घेऊ या.” आणि आयुष्यात पहिल्यांदा माईक खाली ठेवून सर पाहुण्यांच्या खुर्चीत बसले.

पियुषनं लॅपटॉपचं बटण दाबलं. खरखर झाली. मग आवाज आला, “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग.” साउंडवाला भुजंग दचकून उठला आणि वायरी तपासायला धावला. वायरी ठीक होत्या. पुढं ड्रम सुरू झाले, गिटार करवादली आणि त्यावर ईश्वरीचा आवाज, पण ढब सगळी सरांची: “मान्यवरांनी दीपप्रज्वलनासाठी पुढं यावं.” चांगल्या कानानं एवढंच ऐकून आबासाहेब उठले, पुढं आले आणि समई लावली. ती तशीही पंख्यानं विझली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पियुषनं टोपी काढली आणि परत घातली. पुण्यात बँडच्या कार्यक्रमाला दुसऱ्या गाण्यालाच अर्धे लोक उठून जायचे, उरलेले हातांची घडी घालून विचारात पडायचे. इथं श्रोते गाण्यात कामं करायला लागले होते.

दुसऱ्या गाण्यात गिटारवर एक गोड चाल सुरू व्हायची, दोन पावलं जायची आणि मध्येच, “एक मिनिट, आत्ताच आपल्यामध्ये अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे.” चाल थांबायची. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा आगमन. लोक माना डोलावत होते. ही चाल त्यांच्या ओळखीची होती.

तिसऱ्याला पाहुण्याच्या नुसत्या पदव्या आलापीत गायल्या होत्या. आणि चौथं गाणं लागलं, ‘वेळेअभावी’. मागं जिनिंगच्या यंत्राची धडधड, आणि पुढं तेवढं एकच वाक्य: “वेळेअभावी मी फार बोलणार नाही.” परत तेच. परत तेच, जरा जलद. मग माईक कधीमधी शिट्टी मारतो ना, कानात बोटं घालावीत अशी, ती शिट्टी गिटारमधून निघाली आणि निघतच राहिली, आणि तिच्यातूनच हळूहळू चांगला भरीव सूर झाला.

बायकांच्या बाजूनं एक खुदकन आवाज आला. मग पुरुषांतून एक. मग सगळं कार्यालय हसायला लागलं आणि सगळ्या माना व्यासपीठाकडं वळल्या.

सरांना आधी वाटलं, लोक पुण्याला हसायलेत. मग त्यांच्या ध्यानात आलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ज्यांच्या बारशापासून बाराव्यापर्यंत आपण माईक धरला, ती माणसं आपल्याला हसतायत, आणि हसवणारी आपली लेक! सरांच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. हात सवयीनं खिशात गेला. लांबण लावणाऱ्या वक्त्याला गप्प करायचं सरांचं एक हत्यार होतं, चिठ्ठी. भले भले पुढारी सरांच्या चिठ्ठीनं खाली बसले होते. सरांनी कागद काढला, ‘आवरा’ असं लिहिलं, आणि द्यायची कुणाला म्हणून पाहिलं तर समोर काळा स्पीकर. सर चिठ्ठी धरून बसून राहिले.

आता दुसरं काहीच करता येईना, म्हणून सर ऐकायला लागले. आणि गंमत अशी, की राग तसाच असताना त्यांचा कान मात्र कामाला लागला. ‘वेळेअभावी’ म्हटल्यावर एक श्वास थांबायचं, ही सरांची करामत. ती जागा बसवायला त्यांना वर्षं लागली होती. पोरीनं नेमक्या त्या श्वासात ड्रम घातला होता. पाहुण्यांचं नाव घेण्याआधीचा खाकरा, तोही सुरात घेतला होता. ‘च्यायला,’ सर मनात म्हणाले, ‘बारकाईनं उचललंय.’ पाचवं गाणं सत्काराचं होतं. गैरहजर माणसाच्या वतीनं दुसरा, दुसऱ्याच्या वतीनं तिसरा सत्कार स्वीकारतोय, असं ते चालतच राहिलं. हे मात्र लांबलं, असं सरांना प्रामाणिकपणे वाटलं.

पुढं एक गाणं श्रद्धांजलीचं होतं. “दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या,” असा आवाज आला तसं सगळं कार्यालय उभं राहिलं. दहा-बारा श्वासांत आवाज आला, “दोन मिनिटं झाली.” सगळे बसले. कोण वारलं, हे कुणी विचारलं नाही. पियुषनं कपाळाला हात लावला. मग भुजंगला राहवलं नाही. साउंडच्या टेबलापासून तो ओरडला, “सर, हे तुमीच की!”

हशा असा उसळला, की आबासाहेबांनाही ऐकू आला.

आता मात्र हद्द झाली. सर उठले. चिठ्ठी हातात घेऊन लॅपटॉपकडं निघाले. स्पीकरजवळ ईश्वरी उभी होती, तोंड पांढरंफटक, अंगावर सत्काराची शाल तशीच.

“बाबा,” ती म्हणाली, “एकच राहिलंय. शेवटचं. तेवढं होऊ द्या, मग काय बोलायचं ते बोला.”

सर व्यासपीठाच्या मधोमध थांबले. आभार होण्याआधी कार्यक्रम बंद करणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. ते उभ्यानं ऐकू लागले.

शेवटच्या गाण्यात गिटार नव्हती, ड्रम नव्हते. खुर्च्या एकावर एक रचल्याचा आवाज होता, वायर गुंडाळल्याचा आवाज होता. मग पेटीतल्या जुन्या कार्डावरचा एक थकलेला आवाज आला. माईकवरचा नाही, घरचा.

“ईशू, ऊठ बाई. झालं आता. चपला कुठंयत तुझ्या?”

“इथंच व्हत्या.”

“भूक लागली का?”

“हाव.”

“मला बी लय लागलीय. घसा बी बसला. नारळ घे. कसं बोललो मी?”

“लय भारी.”

“खोटं. झोपली व्हतीस तू.”

“मी न्हाई झोपले, बाबा. म्या सगळं ऐकलं. बाकी सगळे झोपले व्हते.”

थोडा वेळ नुसती खरखर. मग तो थकलेला आवाज हसायला लागला. पोटातून, खळखळून, थांबायचं नाव नाही. माईकवर सर कधी असे हसले नव्हते. हसता हसताच शब्द आले, “म्हंजे येवढा वेळ मी तुलाच सांगत व्हतो व्हय?” पोरीचं हसू त्यात मिसळलं. आणि टक् करून बंद झालं.

कुणी टाळी वाजवली नाही. भुजंग आपल्या टेबलाकडं बघत उभा राहिला. प्रभावतीबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्या हसत नव्हत्या. हे त्यांनी दोन्ही वेळा ऐकलं होतं, आणि दोन्ही वेळा भाकर करपली होती.

कार्यक्रमाचे आभार राहिले होते. सरांच्या खिशात मंडपवाल्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळी नावं होती. सरांनी माईक घेतला. श्वास घेतला. लोक सवयीनं खुर्चीत खाली सरकले.

“आभार आत्ताच झालेत,” सर माईकवर म्हणाले, घरच्या आवाजात. “परत करायची गरज न्हाई. जेवून जावा.”

थोडा वेळ कुणी हललंच नाही. सरांचं वाक्य इतकं लवकर संपू शकतं, यावर कुणाचा विश्वास बसेना. मग आबासाहेब उठले, आणि त्यांच्यामागं सगळं सेलू वरण-भात, वांगं आणि बुंदीवर गेलं.

जेवणं झाली. बँडची पोरं आणि प्रभावतीबाई रिक्षानं पुढं गेले. ईश्वरी गाडीवर सरांच्या मागं बसली, मांडीवर नारळ, या वेळी तिच्याच सत्काराचा. रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. सरांनी गाडी बंद केली. मालगाडी सावकाश चालली होती.

“बाबा, राग आलाय का?”

“आला व्हता.”

“अन् आता?”

सर मालगाडीचे डबे बघत राहिले. “पाचवं लय लांबलं,” म्हणाले.

“ते मुद्दाम लांबिवलंय.”

“माझं बी मुद्दामच असतंय.”

ईश्वरी हसली. सरांच्या पाठीला ते कळलं. शेवटचा डबा गेला तरी फाटक उघडेना. मागं कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं होतं.

“पालमला येत्या आठवड्यात एक एकसष्टी हाय,” सर म्हणाले. “बोलावलंय त्यांनी. हसतील लोकं.”

“हसू द्या की. जागे तरी राहतील.”

सर पुढंच बघत म्हणाले, “तवा तू खरंच झोपली न्हवतीस?”

“न्हाई, बाबा. कधीच न्हाई.”

सरांना रडू आलं. फाटक उघडलं आणि मागचे सगळे एकदम ओरडले, तरी त्यांना किक मारणं जमेना. शेवटी जमलं.

“नारळ नीट धर,” सर म्हणाले, आणि गाडी निघाली.